नांगर कुठं टाकलान?

माझ्या सिनेमा बघण्याला तूरडाळ जबाबदार आहे. आगरदांड्याच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं किराणा दुकान आहे आणि त्याचा माल भरायला मला महिन्या-दीड महिन्यातून एकदा अलिबागला जावं लागतं. तिथला ठोकवाला माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचतो, कानाला पेन लावतो आणि म्हणतो, "चार वाजता या, बांधून ठेवतो." आता सकाळी साडेअकरापासून चारपर्यंत अलिबागेत माणसानं करायचं काय? समुद्र बघायचा? समुद्र माझ्या दुकानाच्या मागे आहे. त्यासाठी नांदगाव, काशीद, बोर्ली, कोर्लई, साळाव, रेवदंडा, चौल, नागाव अशी पन्नासेक किलोमीटर हाडं खिळखिळी करून घ्यायची गरज नाही. म्हणून मी पिक्चरला जाऊन बसतो. जो लागला असेल तो. तूरडाळीचा भाव जितका माझ्या हातात, तितकीच पिक्चरची निवड. आणि दुपारच्या खेळाला हल्ली मारामारीच लागलेली असते.

तेव्हा 'पठाण' झाला, 'जवान' झाला, 'टायगर'चा तिसरा झाला, 'पुष्पा'चा दुसरा झाला, 'सिंघम' पुन्हा एकदा झाला. या सगळ्यांत मिळून किती माणसं मेली ते मला सांगता येणार नाही, पण किती गाड्या उलटल्या याचा अंदाज आहे, कारण गाडी उलटली की माझा जीव कळवळतो. मी अजून माझ्या जुन्या टेम्पोचा हप्ता फेडतो आहे.

पिक्चर मी बघतो, पण परीक्षण माझं नसतं. ते तांडेलकाकांचं. काका पूर्वी स्वतःची होडी घेऊन समुद्रात जायचे, आता गुडघे गेल्यापासून संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतात. थिएटरात ते आयुष्यात दोनदा गेलेत आणि दोन्ही वेळा झोपलेत. मी अलिबागहून परतलो, पोती उतरवून घेतली, की ते विचारतात, "काय व्हता आज?" मग मी गोष्ट सांगतो. काका विडी विझवून ठेवतात आणि शेवटी निकाल देतात. त्यांचा निकाल कधी चुकलेला मला आठवत नाही. गल्ल्याच्या आकड्यांशी तो जुळत नाही ही गोष्ट वेगळी.

काकांची कसोटी एकच. पिक्चरमध्ये बोट आली की ते मला मध्येच थांबवतात. "नांगर कुठं टाकलान?"

मी म्हणतो, "काका, हिरो बोटीवरून उडी मारून दुसऱ्या बोटीवर जातो, तिथं चाळीस जणांना लोळवतो..."

"ते झाला. आपली बोट सोरून गेला ना तो? मग नांगर कुठं टाकलान?"

आता काय सांगणार? गेल्या दहा वर्षांत मी पडद्यावर एकाही हिरोला नांगर टाकताना पाहिलेलं नाही. बोट ही जणू रिक्षा. उतरला की ती आपली उभी. भरती नाही, ओहोटी नाही, वारा नाही. 'देवरा'मध्ये तर सगळाच समुद्र होता, तेव्हा मला वाटलं होतं, काका खूश होतील. मी रंगात येऊन सांगितलं की हिरो थेट शार्क माशावर स्वार होऊन येतो. काकांनी बराच वेळ खाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "मुशीवर बसलान?" आमच्याकडे त्याला मुशी म्हणतात आणि तिचं कालवण करतात. त्या दिवशी काकांनी निकाल दिलाच नाही. उठून घरी गेले. 'अवतार'च्या दुसऱ्या भागात माणसांशी गप्पा मारणारे देवमासे आहेत हे सांगितल्यावर मात्र त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "भाव काय सांगतान?"

टॉम क्रूझ काकांना आवडतो. 'मिशन इम्पॉसिबल'चा शेवटचा म्हणतात तो भाग २०२५ च्या मे महिन्यात आला. त्यात हा गृहस्थ बर्फाच्या समुद्रात, तळाला पडलेल्या रशियन पाणबुडीत एकटा शिरतो आणि परत येताना अंगावरचा पाणबुड्याचा पोशाख काढून टाकून वर येतो.

"म्हंजे उघडा?"

"चड्डीवर."

"बर्फाच्या पान्यात?"

"हो."

"वय काय त्याचा?"

१९६२ चा जन्म, म्हणजे साठी उलटून गेलेली. मी तसं सांगितलं. काका गप्प. स्वतःच्या गुडघ्यांवरून त्यांनी हात फिरवला. "घरी सांगून गेला नसनार," एवढंच म्हणाले. कुठल्याही इंग्रजी वर्तमानपत्रातल्या समीक्षकानं त्या माणसाला याहून मोठी दाद दिली असेल असं मला वाटत नाही.

'पुष्पा'चा दुसरा भाग मात्र आमच्यात वाद लावून गेला. त्यात सुरुवातीलाच हिरो कंटेनरमध्ये बसून जपानला पोचतो आणि वाटेत जपानी भाषा शिकतो. आमच्या समोर, खाडीपलीकडे, दिघी बंदर आहे. बंदराचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय अशी दोन-तीन पोरं दुकानात होती. ती म्हणाली, कंटेनरमध्ये माणूस आठवडाभर जगला तरी नशीब. काकांचा आक्षेप निराळा होता. "इतके दिवस आत बसून कोनाशी बोलत व्हता, भाषा शिकायला?" काकांना भाषा अशीच येते: बोलून. चार बंदरांत फिरून त्यांना गुजराती येते, कोकणी मुसलमानी येते, थोडी कानडी येते आणि भांडणापुरती मल्याळी येते. पुस्तकावरून शिकलेली भाषा मासळी विकायला उपयोगी पडत नाही, हे त्यांचं ठाम मत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला या हिरोंची सगळ्यात जास्त चीड कशाची येते? गोळ्या लागत नाहीत याची नाही. गुरुत्वाकर्षण मानत नाहीत याचीही नाही. ते आमचा भाचा बाईक चालवतानाही मानत नाही. चीड येते ती याची, की हे लोक कधीही तिकीट काढत नाहीत. रिक्षातून उतरतात आणि धावत सुटतात. हॉटेलात चहा अर्धा टाकून उठतात. टपरीवाल्याच्या टपरीतून मोटारसायकल आरपार नेतात, सगळी सोड्याच्या बाटल्यांची मांडणी फुटते, आणि कोणी म्हणत नाही, "अरे बाबा, भरपाई?" मी दुकानदार आहे. पडद्यावर टोमॅटोची गाडी उलटली की सगळं थिएटर हसतं. मी मनात किलो मोजतो. सुट्टे पैसे या विषयावर तर भारतीय सिनेमानं आजवर ब्रसुद्धा काढलेला नाही. जग वाचवायला निघालेल्या माणसाकडे पाचशेची नोट असेल तर तो जेटीच्या अलीकडेच अडकेल, हे मी रोज बघतो.

आणि गाडीच्या पाठलागाचं म्हणाल, तर खरा पाठलाग आमच्या जेटीवर बघायला मिळतो. शनिवारी सकाळी. मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या मोठ्या गाड्या दिघीला आणि पुढं दिवेआगर-श्रीवर्धनला जायला फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असतात. यांतले निम्मे चालक 'फास्ट अँड फ्युरियस' पाहून आलेले असतात हे हॉर्नवरून कळतं. आणि मग बोटीवरचा पोरगा हात दाखवून म्हणतो, "रिव्हर्समध्ये घ्या."

काय सांगू तुम्हाला त्या चेहऱ्याचं! ताशी एकशेवीसनं एक्सप्रेसवे कापत आलेला तो माणूस उताराच्या रॅम्पवर, खाली हिरवं पाणी हलत असताना, उलटी गाडी चढवायला लागतो. सासूबाई उतरून बाजूला उभ्या राहतात. बायको म्हणते, "मी आधीच म्हटलं होतं." आमच्या जेटीवर त्या वेळी किमान बारा जणांना गाडी चालवता येत नसतानाही सूचना देता येतात. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा... तुमची डावी नाय, गाडीची डावी... येऊ द्या... बास! बास म्हटला ना!" गाडी एक फूट पुढं, दीड फूट मागं. घाम. मागं जागा शिल्लक बोटभर. आणि अखेर गाडी बसते, हँडब्रेक ओढला जातो, आणि तो माणूस खाली उतरून, मान ताठ करून ज्या नजरेनं समुद्राकडे बघतो, त्या नजरेसमोर तुमचा तो नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकल फेकणारा टॉम क्रूझही फिका पडावा. या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही, संथ गती नाही, तरी मी तो दर शनिवारी नव्यानं बघतो. फुकट.

संथ गतीवरून आठवलं. मागं स्फोट झाला आणि हिरो वळून न बघता चालत आला, ही जी हल्लीची टूम आहे, ती कोकणी माणसाला कधीच पटणार नाही. आमच्याकडे कोणाच्या हातून बर्फाची पाटी आदळली तरी अख्खी जेटी वळून बघते, दोघे उठून जवळ जातात आणि एक जण विचारतो, "कोनाची व्हती?" स्फोट झाला आणि बघितलं नाही, तर संध्याकाळी सांगायचं काय?

वादळाच्या दृश्यांबद्दल मी गप्प बसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. माझ्या दुकानाचे पत्रे कुठं गेले ते अजून कळलेलं नाही. त्या दुपारी माडांचे शेंडे जमिनीला टेकलेले मी दाराच्या फटीतून पाहिले आणि वाऱ्याचा तो जो आवाज होता तो आजवर एकाही थिएटरातल्या स्पीकरमधून आलेला नाही. पिक्चरमधलं वादळ आठ मिनिटांत संपतं आणि पुढच्या प्रसंगात हिरोइनचे केस वाळलेले असतात. आमच्याकडे सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, आणि सुपारीचं झाड उभं राहून पीक द्यायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा. असो.

'छावा' हा एकच पिक्चर आमच्या हिनं माझ्याबरोबर बघितला. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला. मी तूरडाळीचं निमित्त न करता खास गेलो. ती डोळ्याला पदर लावून बाहेर आली, मीही आलो, पण रस्त्यात ती म्हणाली, "तो औरंगजेब काही ओरडत नाही हो. म्हणूनच भीती वाटते." मला वाटतं, गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या मारामारीच्या पिक्चरांवरचं सर्वांत अचूक वाक्य तेच. अक्षय खन्ना बसून राहतो आणि आपण अस्वस्थ होतो. बाकीचे उड्या मारतात आणि आपण पॉपकॉर्न खातो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोच माणूस 'धुरंधर'मध्ये कराचीतला रहमान डकैत होऊन आला आणि हात वर करून असा काही नाचला की पलीकडून येणारी कॉलेजची पोरं महिनाभर फेरीबोटीवरून तसंच नाचत उतरत होती. 'धुरंधर' तीन तास चौतीस मिनिटांचा आहे. साडेबाराच्या खेळाला बसलो, मध्यंतर धरून बाहेर आलो तेव्हा चार कधीच वाजून गेले होते, ठोकवाल्यानं माझी गूळ-साखर फुटपाथवर आणून ठेवली होती, आणि तिथं मुंग्यांचा तिसरा अंक सुरू झाला होता. तेवढ्या वेळात आगरदांड्याहून दिघीला जाऊन, चहा पिऊन, परत येऊन, पुन्हा जाता येतं. पिक्चर चांगला होता. पण मुंग्या मी विसरलेलो नाही.

'छावा'बद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती शुद्ध गावकीची आहे. मी जंजिऱ्याची वाट बघत बसलो. आला नाही. आमच्या दारातला किल्ला! राजपुरीच्या समोर पाण्यात उभा. १६८२ मध्ये संभाजीराजांनी हा किल्ला घ्यायला समुद्रात भर टाकून रस्ता बांधायला काढला होता. दगड, लाकडं टाकून, चक्क खाडी बुजवत. हा प्रसंग दाखवायला कुठला संगणकही लागला नसता, आम्ही गावकऱ्यांनी दगड उचलले असते. पण मग माझ्या लक्षात आलं की पटकथाकाराची पंचाईत कुठं होते. तो रस्ता पुरा झाला नाही. मोगल कल्याणच्या बाजूनं आले, राजांना फौज फिरवावी लागली. हिरो अर्धा सेतू सोडून दुसऱ्या कामाला जातो, असा पिक्चर चालणार कसा?

जंजिऱ्याचं हेच झालंय. 'फर्जंद' हा २०१८ चा मराठी पिक्चर माझ्या भाच्यानं मला मोबाईलवर दाखवला. साठ मावळे घेऊन कोंडाजी फर्जंदानं पन्हाळा घेतला, १६७३. शेवट असा की अंगावर काटा. भाचा म्हणाला, "मामा, याचा दुसरा भाग यायला पाहिजे." मी म्हटलं, दुसरा भाग तुझ्या घराच्या खिडकीतून दिसतो. तोच कोंडाजी पुढं फितूर झाल्याचं सोंग करून जंजिऱ्यात शिरला, तिथल्या सिद्दीचं दारूचं कोठार उडवायचा बेत होता. एका दासीकडून बिंग फुटलं आणि सिद्दीनं त्याला मारलं, असं सांगतात. भाचा थोडा वेळ किल्ल्याकडे बघत राहिला. "मग कोणी घेतला शेवटी?"

कोणीच नाही. हे आमच्या खाडीचं दुखणं आहे. इथं सगळं झालं, तोफा झाल्या, पद्मदुर्ग उभा राहिला, पण क्लायमॅक्स झाला नाही. लाय पाटलांची गोष्ट काकांच्या तोंडून ऐकावी. शिवाजी महाराजांच्या वेळी या कोळ्यानं रात्री अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. सिद्दीच्या नाकाखाली! ठरलं होतं की पेशवे मोरोपंतांची माणसं मागून येतील आणि चढतील. शिड्या लागल्या, लाय पाटील आणि त्याचे साथीदार तटाखाली थांबले. थांबले. पहाट व्हायला आली. मोरोपंतांची माणसं आली नाहीत. उजाडायच्या आत शिड्या काढून परत यावं लागलं. महाराजांनी तरीही त्याला पालखी देऊ केली. तो म्हणाला, आम्ही दर्यावर्दी, पालखीत बसून कुठं जाऊ? मग म्हणे त्याला गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'.

काका हे सांगताना दर वेळी त्याच जागी थांबतात, पहाट होण्याच्या जागी. "आनी शिड्या लावल्या तवा होडी कुठं व्हती ठाव हाय?" ते मला विचारतात, जसं काही मी तिथं होतो. "तटाला लागून. लाटेवर धरून ठेवली व्हती रातभर. हातानं. नांगराचा आवाज होतो म्हनून." आता हे इतिहासात आहे की काकांनी घातलंय, मला माहीत नाही. पण माझ्या मते हिंदी सिनेमानं आजवर दाखवलेल्या सगळ्या समुद्राच्या दृश्यांना ते एकटं पुरून उरेल.

आणि तो अजिंक्य किल्ला शेवटी कसा गेला? १९४८ साली, संस्थानाबरोबर भारतात विलीन होऊन. सह्या करून! शतकांच्या मोहिमेचा शेवट शाईनं. आता राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, कलाल बांगडी तोफेवर हात ठेवून लोक फोटो काढतात आणि लाटा असल्या तर उतरताना किंचाळतात.

आमच्याकडचे हल्लीचे थरारपटही याच घराण्यातले. श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरलं, त्यावरचा 'ब्लॅक फ्रायडे' मी एकदा पाहिला आहे. त्याच्याबद्दल काका एक शब्द बोलत नाहीत, मीही बोलत नाही. पण त्या घटनेनंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की जिल्हा उठून उभा राहतो. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरला एक बोट लागली. आत माणूस नाही. तीन एके-४७. सांगा, याहून चांगली सुरुवात कुठल्या पिक्चरची आहे? सगळीकडे नाकाबंदी. माझ्या सोड्यांच्या पिशवीत हात घालून एका शिपायानं तपासणी केली आणि पुढचा अर्धा तास तो हात नाकापासून लांब धरून उभा होता. आम्ही सगळे टीव्हीसमोर. आणि संध्याकाळपर्यंत विधानसभेत खुलासा झाला. बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला चाललेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, एका कोरियन युद्धनौकेनं माणसं वाचवली आणि बोट पावसाळ्यात वाहत वाहत आमच्याकडे आली.

"इंजिन," काका म्हणाले. त्यांना मुळीच नवल वाटलं नव्हतं.

२०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा तसंच. कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयास्पद पाकिस्तानी बोट दिसली. तटरक्षक दल, पोलीस, हेलिकॉप्टर. दोन दिवस आमच्या हिनं मला संध्याकाळी जेटीवर जाऊ दिलं नाही. शेवटी निघालं काय, तर पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्यावरून सुटून वाहत आलेला बोया. रडारला तो बोट वाटला होता. काकांना मी ही बातमी वाचून दाखवली. ते इतके हसले की खोकला लागला. "बघ," म्हणाले, "नांगर नव्हता."

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची फेरीबोट सुटत होती. रॅम्प वर उचलला जात होता, मध्ये पाण्याची पट्टी दिसायला लागली होती, आणि तेवढ्यात मुरूडच्या बाजूनं एक मोटारसायकल भरधाव आली. मागं नारळाचं पोतं बांधलेलं. पोरगा पंचवीस-सव्वीसचा, अंगात काळं जॅकेट, डोळ्याला गॉगल, सूर्य मागं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं बाहेर आली. माझ्या हातातला साखरेचा चमचा तसाच राहिला. मी टॉम क्रूझचा तो कडा आठवला, काका बाकावरून अर्धवट उठले. पोरानं वेग वाढवला, जेटीच्या टोकापर्यंत आला...

...आणि ब्रेक मारला. चाक घसरलं, पोतं हललं, एक नारळ सुटून जेटीवरून घरंगळत पाण्यात पडला.

बोटीवरून कोणीतरी ओरडलं, "ए, थांबव रे! एक हाय अजून!" इंजिनाचा आवाज बदलला. रॅम्प हळूहळू पुन्हा खाली आला. बोट मागं सरकली. एका खलाशानं वाकून तो नारळसुद्धा काढला. पोरगा सावकाश, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, गाडी चढवून घेऊन गेला, स्टँड लावला, गॉगल वर केला आणि तिकीटवाल्याकडे पाचशेची नोट धरून म्हणाला, "सुट्टे नाहीयेत, चालेल?"